फक्त साल बदलायचं

स्फाक्स शहरातल्या जैतून संशोधन केंद्रात मोंजियानं एकवीस वर्षं काढली, पण तिथल्या संगणकाची सगळ्यात लांब आज्ञा तिनं एकदाही स्वतः टाइप केली नाही. करायची कशाला? काळ्या पडद्यावर मागची आज्ञा परत बोलावता येते, हवा तेवढाच तुकडा बदलता येतो. ऑलिव्हच्या झाडाझाडाची मोजमापं गोळा करणारी ती हातभर ओळ तिचे वरिष्ठ सी हेदी, म्हणजे हेदीसाहेब, यांनी लिहून ठेवली होती. दर हंगामाला मोंजिया ती बोलवायची आणि फक्त साल बदलायची.

हेदी तोंडाचे महाफटकळ. पहिल्याच आठवड्यात तिनं उद्गारचिन्ह देऊन पुढे आज्ञेचा पहिला शब्द, 'फॉर', लिहिला, तर हे ओरडलेच.

"अगं ए! त्या शब्दानं सुरू होणारी सगळ्यात शेवटची ओळ धावेल, तुला हवी तीच धावेल असं नाही. पुढे एकावर एक दोन टिंबं दे आणि पी लाव. ओळ नुसती दिसेल, चालणार नाही. आधी तोंड बघावं, मग घरात घ्यावं!"

आणि खोडकर किती! ओळीच्या शेपटाला त्यांनी भर घातली होती. काम संपलं की पडद्यावर उमटायचं, 'चहा टाक, मोंजिया.'

"मी काय तुमची बायको आहे?" ती फणकारायची. आणि टाकायची, वर बदाम घालून.

आठ वर्षांपूर्वी हेदी गेले. शेपूट कापायचा तिला धीर झाला नाही. ती पडद्यालाच म्हणायची, "टाकते हो, सी हेदी."

आज तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता आणि त्या जुन्या यंत्राचाही. यंदाची मोजमापं गोळा करायची आणि एकवीस वर्षांचं सगळं नव्या यंत्रात हलवायचं. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"लल्ला मोंजिया, मी नव्यानं लिहिते की," नवी इंजिनीयर रौदा म्हणाली. मोठ्या बाईला तिकडे आदरानं 'लल्ला' म्हणतात. "हे खरकटं कशाला उकरता?"

"खरकटं म्हणे! गप बस."

मोंजियानं उद्गारचिन्ह दिलं, 'फॉर' लिहिलं. बोट एंटरवर गेलंच होतं. पण सवय ती सवय. तिनं दोन टिंबं दिली, पी लावला.

पडद्यावर ओळ आली: इथली प्रत्येक फाइल पुसून टाक.

रौदा पांढरीफटक पडली. "या रब्बी! सकाळी याच पडद्यावर मी माझ्या फोल्डरातला कचरा काढला होता, 'फॉर'नंच सुरू होणाऱ्या ओळीनं."

"आणि आत्ता आपण जैतुनाच्या फोल्डरात आहोत, बाई."

या वेळी मोंजियानं 'जैतून' शब्द असलेली ओळ मागितली, तीही दोन टिंबं लावूनच. हेदींची ओळ आली, अक्षर न अक्षर तीच. तिनं साल बदललं आणि एंटर दाबलं. आकडे सरसर वर गेले, थांबले.

'चहा टाक, मोंजिया.'

रौदानं ती ओळ नव्या यंत्रात उतरवायला घेतली. शेपटापाशी तिचा हात थांबला.

"लल्ला, हे कुणी लिहिलंय?"

"ज्यांनी आत्ता आपल्याला वाचवलं त्यांनी."

रौदानं शेपटासकट सगळं उतरवलं.

"टाकते हो, सी हेदी," मोंजिया म्हणाली. तिला रडू आवरेना. ती उठणार तोच रौदानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा तुम्ही. यापुढे मी टाकायचा ना? बदाम कुठे ठेवता?"