रेडिओमामा

आमच्या गावात बरीच वर्षं गुपित म्हणून काही राहिलंच नाही, कारण गावात रेडिओमामा होते. खरं नाव शब्बीर. काष्टीच्या बाजारात शेळ्यांची खरेदी-विक्री करायचे. आवाज असा, की गल्लीत बोलले तर वेशीपर्यंत ऐकू जावं. आणि जे दिसेल ते मोठ्यानं सांगायची सवय.

ती सवय लागली गणपतअण्णांमुळे. दोघं शाळेपासूनचे जोडीदार. पन्नाशीत शुगरनं अण्णांची नजर गेली आणि त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. "आंधळ्यानं लग्नात जाऊन काय करायचं? जेवायचं आन् यायचं?" असं म्हणायचे. मामांनी त्यांना हाताला धरून उठवलं. "तू निस्ता चल. बघायचं काम माझ्याकडं."

मामा बघायला लागले आणि गावाची पंचाईत झाली. पंगतीत अण्णांच्या शेजारी बसून सांगायचे, "बुंदी आली. चेअरमननी तिसऱ्यांदा घेतली." चेअरमनांचा घास हातातच राहायचा. कीर्तनात सांगायचे, "बुवांचं समदं ध्यान घड्याळाकडं हाय." माझ्या लग्नात तर अंतरपाट बाजूला होतो न होतो तोच मामांचा आवाज आला, "अण्णा, नवरी रडत न्हाई, गालात हसतीया. नवरदेव मातुर लई घामाघूम झालाय." अख्खा मांडव हसला. आमचे हे अजूनही तो विषय काढू देत नाहीत.

मी एकदा म्हटलं, "मामा, जरा हळू सांगत जा ना."

"हळू सांगितलं की अण्णा अवघडून बसतो," मामा म्हणाले. "चारचौघांत आलाय, तर चारचौघांत सांगू दे की."

पण सगळेच हसण्यावारी नेत नव्हते. एकदा ग्रामसभेत पाण्याच्या टाकीची जागा ठरवायची होती. ज्यांना मारुतीच्या मागची जागा हवी त्यांनी हात वर करा, असं सरपंच म्हणाले. लगेच मामा सुरू झाले, "वरच्या आळीचे समदे हात वर. दत्तूचा अर्धाच हाय. बायकोकडं बघतोय."

सरपंच भडकले. "मामा, ही सभा हाय, शेळ्यांचा बाजार न्हाई. गप बसवत नसंल तर भाईर जा."

मामांचं तोंड एवढंसं झालं. ते उठून दाराकडे निघाले. त्यांची चाहूल लागताच अण्णाही काठी चाचपत उठले.

"अण्णा, तुमी बसा की," सरपंच म्हणाले.

"बसून काय करू? मला इथं निस्ता गलका ऐकू येतो. कोन हाय, कोन न्हाई, काय बी कळत न्हाई."

मग बायकांमधून शांताकाकू उभ्या राहिल्या. सभेत त्यांनी कधी तोंड उघडलेलं कुणाला आठवत नव्हतं.

"अण्णा, मी शांता बोलतीया. माझा हात वर हाय."

शेजारची म्हणाली, "मी रुक्साना. माझा न्हाई."

मग एकेक जण नाव सांगू लागला. दत्तूनंही नाव सांगून हात पुरता वर केला. शेवटी सरपंचांनी घसा खाकरला. "मी सरपंच बोलतोय. अण्णा, चुकलं आमचं. बसा आता."

दारातून मामा ओरडले, "हात जोडलेत रं त्यांनी!"

तेव्हापासून आमच्या ग्रामसभेत आधी नाव सांगायचं, मग बोलायचं. नाव सांगता सांगता बायकाही बोलायला लागल्या. पुढं बदलून आलेल्या ग्रामसेवकाला तर वाटलं, असा नियमच असावा.

गेल्या वर्षी अण्णा गेले. नाव सांगायची रीत राहिली, पण मामांचा आवाज बसला. आता शेळीचा भावसुद्धा हळूच बोलतात म्हणे. या उन्हाळ्यात माझ्या पुतणीच्या लग्नाला आले आणि मांडवाच्या कडेला एकटेच खुर्चीवर बसून राहिले. मला राहवलं नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "मामा, काय चाललंय तिकडं?"

त्यांनी स्टेजकडे पाहिलं. नवरीनं करवलीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी तोंडावर हात धरून हसत सुटल्या. मामांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले,

"तुला दिसतंय की, पोरी."