वन्संची पट्टी लावलेली डबी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी उभा जन्म एकच प्रश्न विचारत आले — "वेळेवर जेवलात का?" नर्स होते ना! सगळ्यावर औषध माझ्याकडं. आता नातवंडं त्या जुन्या सिस्टरबाईंना हसतात, मीही हसते... पण ही एक गोष्ट सांगताना हसू अर्ध्यातच थांबतं.

नोकरीचं शेवटचं वर्ष. दौंडच्या एका दवाखान्यात पोटाच्या मोठ्या ऑपरेशनचे पेशंट आधी तयार करून घ्यायचं काम माझ्याकडं होतं. रोज चालवायचं, श्वासाचे व्यायाम घ्यायचे, टाक्यांवर ताण नको म्हणून उशी पोटाशी धरून खोकायला शिकवायचं, तंबाखू-मिश्री बंद. त्यातच माझ्या थोरल्या नणंदेच्या, म्हणजे वन्संच्या, आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशनआधी चार आठवडे त्यांना शिरूरहून माझ्या घरीच आणलं.

नळीतून श्वास ओढला की आतले तीन प्लास्टिकचे गोळे वर चढतात, ते व्यायामाचं यंत्र हातात दिलं, तर वन्संनी फुंकणीनं चूल पेटवावी तशी फुंकर मारली.

"वन्सं, ओढायचं! फुंकायचं नाही!"

"आगं, साठ वरीस चूल फुकली म्या. आता एका दिसात वढाया कसं येईल?"

पण लहानपणी मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेली छाती ती... आठवड्यात तिन्ही गोळे वर! डॉक्टर खूश. मी तर अशी मिरवले, जणू फुप्फुसं मीच शिवून दिली होती.

मिश्रीवरून मात्र युद्ध झालं. कडबाकुट्टीत त्यांची तर्जनी अर्धी गेलेली. त्याच थोट्या बोटानं त्या हिरड्यांना मिश्री लावायच्या. मी डबी काढून घेतली, त्यांच्यासमोर आपटून आतली मिश्री सपाट केली, झाकणाभोवती दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळली आणि पट्टीच्या टोकावर — हसा खुशाल — सही केली! डबी कपाटात, किल्ली कमरेला. केवढी ती ऐट!

"फौजदारीणबाई," वन्सं म्हणाल्या, "आपरेशन झाल्याव तरी देशील का?"

"घरी आल्यावर. तुमच्याच हातानं पट्टी काढा."

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, तर वन्संनी उशी पोटाशी धरून खोकून दाखवलं, अगदी शिकवल्यासारखं. मग ते थोटं बोट हिरडीवरून फिरवलं आणि डोळा मिचकावला. मी हसून मान हलवली. नाही म्हणजे नाही.

दुपारी त्या गेल्या. हृदय थांबलं. डॉक्टरांनी शर्थ केली... नाही परत आल्या.

नियमानं मी बरोबरच होते. तेच तर सलतं.

तेराव्याच्या आदल्या दिवशी भाचीचा, सुरेखाचा, फोन आला. "मामी, आईच्या पानाशेजारी मिश्री ठिवायची हाय. डबी आणा." कपाट उघडलं. पट्टी जशीच्या तशी, सही अखंड. शिरूरपर्यंत पिशवी मांडीवरून हलू दिली नाही. तिथं स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून पट्टी सोलली, झाकण काढलं.

सपाट मिश्रीत मधोमध एका बोटाचा खळगा. आखूड, जाड, गोल. नखाची खूण नाही.

नर्सचं डोकं लगेच धावलं — एसटीचे धक्के! पण धक्क्यांनी खळगा बुजेल, पडेल कसा? किल्ली तर माझ्याच कमरेला होती.

तेवढ्यात सुरेखा मागून वाकली. बघत राहिली.

"मामी... तुम्ही दिली व्हती व्हय आईला? म्या समद्यांला म्हणायची, मामी लई कडक, न्हाई द्यायच्या..." आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

"व्हय," मी म्हणाले. "दिली होती."

खोटं का बोलले, ते मला ठाऊक आहे. तो खळगा कसा पडला, ते आजही ठाऊक नाही. सुरेखानं डबी मलाच ठेवायला दिली. ती त्याच कपाटात आहे. पट्टी परत लावली नाही... आणि आता कपाटालाही मी कुलूप घालत नाही.