एप्रिलात शिकवलेला रस्ता

चांगले धडधाकट डोळे असून ते मिटून फिरण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, असा माणूस आख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या पदरात पडला. आमचे भाऊजी. नोकरीने ते फिरते विशेष शिक्षक. ज्या मुलांना दिसत नाही किंवा फारच कमी दिसतं, ती आपापल्या गावच्या शाळेत चारचौघांसारखी शिकावीत म्हणून रोज एका गावाला जायचं. कुणाला ब्रेल शिकवायचं, कुणाला भिंग द्यायचं, कुणाला पांढरी काठी घेऊन चालायला शिकवायचं. जिवतीच्या पहाडावरची गावं त्यांच्याकडे आहेत. आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक गाव ठरलेलं, आणि रविवार हा वार देवाने बहुधा आमचा छळ करण्यासाठी त्यांना मोकळा दिलेला. मुलांना जे शिकवायचं ते आधी स्वतः करून पाहायचं, असा त्यांचा नेम. त्यामुळे रविवारी सकाळी ताईच्या घरी गेलं की दुपट्ट्याने डोळे बांधलेला एक माणूस चुलीशी चहा करताना दिसतो. तो चहा आजवर मी सहा-सात वेळा प्यायले आहे. त्यातला दोनदा चहा होता.

ही खोड लग्नाआधीपासूनची. ते ताईला पाहायला आले तेव्हा मी दहावीत होते आणि पडद्याआड उभी राहून सगळं ऐकत होते. पोहे आले, ओळखी झाल्या. मुलीला स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, असलं काही विचारतील म्हणून आई तयारीत बसली होती. भाऊजींनी विचारलं, "डोये मिटून सांगता काय, या खोलीची खिडकी कोणत्या बाजूले हाय?" बाबांना वाटलं, मुलगा वास्तुशास्त्रवाला आहे, आता दार फोडायला लावतो. ताईने डोळे काही मिटले नाहीत. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या पोह्यावर जिकून माशी आली, तिकून." भाऊजींनी तिथेच होकार दिला. पुढे लग्नाची पत्रिका त्यांनी स्वतः छापून घेतली, आणि कमी दिसणाऱ्यालाही वाचता यावी म्हणून अक्षरं एवढी मोठी घेतली की नवरा-नवरीची नावं आणि दोन्हीकडचे आजोबा एवढ्यातच कागद संपला. लग्नाचं ठिकाण मावलं नाही. वऱ्हाडातली एक पूर्ण जीप राजुऱ्यात दुसऱ्याच मांडवात जेवून आली आणि जेवण चांगलं होतं म्हणून सांगत होती.

त्यांच्या घरात "इकडे", "तिकडे", "ते तिथं" हे शब्द बंद आहेत. न दिसणाऱ्याला त्यातून काय कळणार, हा त्यांचा सवाल, आणि तो बरोबरच आहे. पण भाजीत मीठ कमी पडलेलं असताना तो कोणाला सुचतो? ताई म्हणते, मीठ तिकडे आहे. भाऊजी अळणी भाजी खात बसून राहतात. शेवटी ती ओरडते, "डाव्या हाताला, एक वीत, पाण्याच्या गडव्याला लागून!" तेव्हा कुठे हात हलतो. ताटातले पदार्थ ते घड्याळाप्रमाणे सांगतात, बाराला भात, चाराला चटणी. मुलांना तसं शिकवतात म्हणून. एकदा आमच्या चुलतभावाच्या पंगतीत वाढताना ते एका म्हाताऱ्याला म्हणाले, "काकाजी, बुंदी तीन वाजता." काकाजी भडकले, "तीन वाजेवरी कोन बसन बे? आताच वाढ!" घराच्या पायऱ्यांच्या कडांना त्यांनी पिवळा रंग दिला आहे, म्हणजे कमी दिसणाऱ्याला पायरी संपलेली कळते. तो डबा उरला म्हणून माझ्या पायऱ्यांना दिला. मग शेजारच्यांच्या. त्यांना विचारलं होतं की नाही, ते मला माहीत नाही.

माझं गडचांदूरला शिवणाचं दुकान आहे, आणि ते अजून चालू आहे हा चमत्कारच म्हणायचा. कारण भाऊजींच्या मुलांना हाताने चाचपून वाचायचे नकाशे मीच शिवते. आधी मागतात ते एकच बटण. "फक्त एक बटन दे वं, चंद्रपूर लावाचं हाय." मग हळूहळू सह्याद्रीला जाड दोरी, वैनगंगेला सुतळी, समुद्राला खरखरीत कागद. एका मॅडमच्या ब्लाऊजसाठी आणलेली जरीची फीत मी कपाटात कुलपात ठेवली होती. ती गोदावरीला गेली. मॅडम चिडल्या तर भाऊजींनी त्यांना तो नकाशा आणून डोळे मिटून चाचपायला लावला. मॅडम नाशिकपासून सिरोंच्यापर्यंत बोट फिरवत गेल्या आणि साध्या काठाचं ब्लाऊज घेऊन घरी गेल्या. अशा वेळी या माणसाचा राग कोणावर काढायचा तेच समजत नाही.

सोमवारचं त्यांचं गाव म्हणजे डोंगरातला एक लहानसा गुडा, वीस-बावीस घरांचा. तिथे जंगू होती. डोंगरातल्या जंगुबाई देवीच्या नावावरून नाव ठेवलेलं. तिला उजेड आणि सावली एवढंच कळतं. गुड्यातली शाळा सातवीपर्यंत, आणि जंगू ती शिकली ती अशी की गुरुजी फळ्यावर गणित लिहीत असतानाच पुटपुटायचे, तेवढ्यावर ती उत्तर सांगून मोकळी व्हायची. आठवीची शाळा पलीकडच्या मोठ्या गावात, अर्ध्या तासाच्या वाटेवर. त्या वर्षी गुड्यातून आठवीला जाणारं दुसरं कोणी नव्हतं. वडील कामावर दूर असायचे, आई कापसाच्या शेतात. शहरातल्या वसतिगृहाचं नाव काढलं तर आई घरात निघून जायची. भाऊजी सोमवारमागून सोमवार तिच्या अंगणात बसून राहिले, तेव्हा मार्चमध्ये ती एकदाची म्हणाली, "सर, शाळा उघडन त्या दिशी पोरगी एकटी जाईन अन एकटी वापस येईन, तर पुढं शिकन. कोणी मागं जाची नाई, पुढं जाची नाई. नाई आली धड, तर सातवी झाली, बस झालं." भाऊजींनी मान्य केलं आणि घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत.

मग त्यांनी गुड्यापासून शाळेपर्यंतची वाट मोजायला घेतली. डोळे बांधून, मोठ्याने पावलं म्हणत, झाडांवर काठी आपटत, मध्येच थांबून वहीत लिहीत. त्या डोंगरात कोणीही, अगदी दर सोमवारी येणारा मास्तरसुद्धा, पावलं मोजताना दिसला की त्याचा एकच अर्थ होतो: खाणवाले आले. अर्ध्या तासात सगळा गुडा रस्त्यावर. गावपाटलांनी "जय सेवा" असा नमस्कारसुद्धा न करता विचारलं, "सर, आता कोणत्या कंपनीचे झाले? कागद दाखवा." भाऊजींनी दुपट्टा सोडला आणि वही दाखवली. वहीत लिहिलेलं, 'शेणाचा वास, नंतर सव्वीस पावलं.' हा कुठल्या कंपनीचा कागद, ते कोणालाच कळेना. शेवटी भाऊजींनी दुपट्टा पाटलांच्याच डोळ्यांवर बांधला आणि म्हणाले, "पाटील, इथून तुमच्या घरी जाऊन दाखवा." पाटील हसले, "मायं गाव हाय ते!" आणि ताठ चालत थेट स्वतःच्या म्हशीवर जाऊन आदळले. म्हैस उठली, पाटील बसले. त्यानंतर बाया-माणसं सगळ्यांनाच डोळे बांधून घ्यायचे होते. दिवस मावळेपर्यंत गुड्यात एक माणूस धड चालत नव्हता. पाटलीणबाई तेवढ्या न चुकता घरी पोचल्या आणि त्यांनी तिथून नवऱ्याला हाका मारल्या.

एप्रिल-मे दोन महिने भाऊजींनी जंगूला ती वाट शिकवली. उन्हाळ्याची सुट्टी त्यांची होती, ताईचं माहेरपण होतं, सगळं तिथेच गेलं. ते घरी येऊन जेवताना वाट म्हणायचे, आम्हालाही पाठ झाली होती: हातपंपापासून चाळीस पावलं, मोहाच्या फुलांचा वास आला की उजव्या हाताला वळायचं. तेंदूपत्त्याचे पुडके मांडायच्या फळीवरचा गलका डाव्या कानाला ठेवायचा. तळव्याला तापलेलं सिमेंट लागलं की तो नाल्यावरचा रपटा, म्हणजे तो ठेंगणा पूल, तिथे काठी कडेला लावून सरळ जायचं. जंगू मोहाच्या झाडाखाली आली की नाक वर करून लांब श्वास घ्यायची आणि वळायची. भाऊजी तेवढं सांगतानासुद्धा डोळे पुसायचे.

आमच्या विदर्भात शाळा जून सरता सरता उघडतात. त्या दिवशी मलाही त्यांनी गाडीवर मागे घेतलं, कारण जंगूचं दप्तर मी शिवलं होतं आणि काठीसाठी बाहेरून लावलेली पट्टी तिला समजावून द्यायची होती. जंगू दोन वेण्या घालून तयार. आईने तिच्या कपाळाला हळद लावली. पोरगी अंगणातून निघाली, काठीची टकटक हातपंपापर्यंत गेली, आणि भाऊजींनी सवयीने नाक वर केलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. "अवं," ते हळूच म्हणाले, "मोह कुठी हाय?"

मोह कुठे असणार? झाडावरची फुलं एप्रिलातच संपली होती, आणि खाली पडून वाळलेल्यांचा वास पहिल्या पावसाने धुऊन नेला होता. तेंदूची फळी मे अखेरीला उठली, तिथे आता गवत होतं. ढगाळ हवेत रपटा गार पडला होता. शाळा जूनमध्ये उघडते आणि या विद्वान माणसाने पोरीला रस्ता एप्रिलातला शिकवला होता! जंगलात जन्म काढलेल्या माणसाच्या हातून ही चूक. मी हसले असते, पण त्यांनी तोवर गाडीची किल्ली माझ्या हातात कोंबली होती. ते धावायला निघाले तर जंगूची आई दारात आडवी झाली. "कोणी मागं जाची नाई, ठरलं ना सर?"

भाऊजी ओट्यावर बसले आणि सगळं कबूल करून टाकलं. "बाई, मायी चूक झाली. मी तिले वासावर शिकवलं, अन वास गेला. तिचं शिक्षण मी बुडवलं." जंगूची आई आधी ऐकत राहिली आणि मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. "सर, तीन वर्साची होती तवापासून मोह वेचाले येते ते मायासंग. त्या झाडाची मुळं तिच्या पायाले ओळखतेत. तिले कायले लागते वास?"

"मंग ते रोज नाक वर करून वास काऊन घे?"

"तुमाले वाईट वाटन म्हून."

दोन महिने पोरीने मास्तरांचं मन राखलं होतं. भाऊजी एकदम मोकळे हसले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. दिवस मात्र काही केल्या सरेना. मी सोबत आणलेली हुक-काजं करत बसले. शाळा पाचला सुटते. साडेपाचला पोरगी यायला हवी. साडेपाच वाजले, पावणेसहा झाले. भाऊजींनी अंगणात येरझारा घालून माती उकरली. सहाला ते म्हणाले, "आता मी जातो. शर्त गेली चुलीत." तेव्हा जंगूची आई सूप खाली ठेवून म्हणाली, "बसा सर. आपण गेलो तर ते कधीच येणार नाई." तिने एवढ्या वेळात तेच तांदूळ तीनदा निवडले होते, हे मी पाहिलं होतं.

सव्वासहाच्या सुमारास काठी ऐकू आली. एकटीच्या काठीचा आवाज, सावकाश, मध्येच थांबून पुन्हा. जंगू हातपंपाशी आली, पाय धुतले, अंगणात आली. कपड्यांवर कुठे पडल्याची खूण नाही. आईने विचारलं, "उशीर काऊन झाला वं?"

"गप्पा मारून राह्यली होती," जंगू म्हणाली. "तिथी एक पोरगी हाय, लय बोलते. उद्या मायाजवळ बसतो म्हने."

आईने तिचं दप्तर काढून खुंटीला लावलं. "जाईन ते उद्यापासून," एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. चुलीपुढे ती बराच वेळ पाठमोरी बसून होती.

आता भाऊजींचं सोमवारचं गाव बदललं आहे. जंगूला महिन्यातून एकदा भेटलं तरी पुरतं, असं कागदावर त्यांनी स्वतःच लिहून दिलं. पोळ्याच्या आधीची गोष्ट. पुढच्या एका गावात नकाशा द्यायचा होता म्हणून मी पुन्हा त्यांच्या गाडीवर होते. शाळा सुटायची वेळ. रपट्याच्या अलीकडे उतार लागला तसं त्यांनी गाडी बंद केली आणि नुसती घरंगळत नेऊन कडेला उभी केली. समोरून तीन-चार मुली येत होत्या, शाळेच्या गावातल्या, जंगूला अर्ध्या वाटेपर्यंत सोडायला निघालेल्या; मधोमध जंगू, काठी एका हातात आणि दुसऱ्या हाताने कसल्याशा गोष्टीचा अभिनय करून दाखवत. सगळ्या पोट धरून हसत होत्या. आमच्यापासून चार हातांवरून त्या गेल्या.

"हाक मारा ना," मी म्हटलं.

भाऊजींनी मान हलवली. "नको. आवाज दिला का थांबन ते. तिची गोष्ट अर्धी राह्यते."

मुली वळणाआड गेल्या, हसणं ऐकू येत राहिलं, मग तेही गेलं. "एकटीनं चालाले मीच शिकवलं वं तिले," भाऊजी म्हणाले. गाडी चालू करायला हवी होती, पुढच्या गावातलं पोरगं वाट पाहत असणार. पण ते किल्लीला हात लावून तसेच बसून राहिले, आणि मीही त्यांना घाई केली नाही.