परत करण्याची तारीख

दिवाळीनंतरचा शनिवार होता. फुलपाड्यातल्या आमच्या वाचनालयात मी लॅपटॉप उघडून बसलो होतो, आणि स्वतःवर बऱ्यापैकी खूश होतो…

आमचं वाचनालय पुस्तकांबरोबर रुग्णसाहित्यही देतं. व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी हवा भरायचा एअर बेड… लागेल तोवर ठेवायचं, गरज संपली की आणून द्यायचं. हे सगळं मोहिनीताई बघतात. शाळेतून रिटायर झाल्यापासून त्यांचा अर्धा दिवस इथेच जातो.

अडचण अशी की लोक वसईहून, जूचंद्रहून रिक्षा करून यायचे आणि वस्तू आधीच कुणीतरी नेलेली असायची. आजारी माणूस घरी, आणि यांना हेलपाटा. म्हणून ताई मला म्हणाल्या, "तू कंपनीत वेबसाइटचं काम करतोस ना? आपल्याला एक पेज करून दे. काय आहे, काय नाही ते लोकांना घरबसल्या दिसलं पाहिजे. नाव पण लावता आलं पाहिजे."

दोन रविवार घालवून मी पेज केलं. प्रत्येक वस्तूचा फोटो, मोठी अक्षरं, 'राखून ठेवा' असं ठसठशीत बटण. त्याखाली छोटासा फॉर्म. नाव, फोन, पत्ता आणि शेवटी 'परत करण्याची तारीख'. या रकान्यापुढे मी लाल चांदणी टाकली होती… म्हणजे तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जातच नाही. माझा हिशेब सरळ होता. वस्तू कधी परत येणार हेच माहीत नसेल, तर पुढच्याला काय सांगणार?

पेज सुरू होऊन चार दिवस झाले होते. त्या शनिवारी अकराच्या सुमारास पन्नाशीचे एक गृहस्थ आत आले. पास्कलभाऊ, वसईच्या पाचूबंदरचे. मासेमारीचा धंदा, घरची बोट. आईसाठी एअर बेड हवा होता. पडून पडून तिच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या.

"फोनवरूनही राखून ठेवता येतो," मी जरा उत्साहानेच म्हणालो. "पेज उघडलं नाही का?"

"उघडलं ना. सगळं भरलं." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. खरंच सगळं भरलेलं होतं. कॅलेंडर मात्र तसंच रिकामं, आणि त्याखाली माझीच लाल ओळ… 'कृपया तारीख निवडा'. "काल तीनदा करून बघितलं. पुढे जात नाही. म्हनून मीच आलो."

"अंदाजे कुठलीही टाका, नंतर बदलता येते." हे वाक्य मी ऑफिसात रोज कुणाला ना कुणाला सांगत असतो.

कॅलेंडरवर बोट ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर बोलले, आता दिवस मोजायचे. यातला कुठला दिवस टाकू, तुम्हीच सांगा."

आदल्या दिवशी तीन वेळा मी या माणसाला विचारलं होतं, की तुमची आई कधी जाणार…

मोहिनीताई उठल्या. आतून बेडची पिशवी आणली, पंप लावून चालतोय ना ते बघितलं आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. "न्या, भाऊ. तारखेचं काही मनात आणू नका. आणि नुसत्या बेडच्या भरवशावर राहू नका हं, दर दोन तासांनी आईंना कुशीवर वळवत जा."

ते गेल्यावर मी ताईंना विचारलं, की मग इतकी वर्षं वस्तू परत कशा येतात? "पंधरा दिवसांनी मी फोन करते," त्या म्हणाल्या. "वस्तूचं विचारत नाही. पेशंट कसा आहे, एवढंच विचारते. बाकीचं तेच सांगतात." माझ्या पेजबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं…

घरी येऊन आधी तो रकाना काढून टाकला. त्या जागी लिहिलं, 'गरज असेपर्यंत ठेवा. पंधरा दिवसांनी आम्ही विचारपूस करायला फोन करू. कोणत्या वेळी केलेला चालेल?' वस्तू बाहेर गेलेली असेल, तर पुढच्याचं नाव रांगेत लागतं आणि ताई त्याच्यासाठी आजूबाजूच्या मंडळांकडे चौकशी करतात. माझ्या कॅलेंडरवाचून कुणाचं काही अडलं नाही.

जानेवारीत पास्कलभाऊ पुन्हा आले. आदल्या दिवशी चर्चमध्ये, आई गेल्यानंतरचा सातव्या दिवसाचा मिस्सा झाला होता. बेड स्वच्छ धुऊन, वाळवून, नीट घडी करून आणला होता.

मी चाचरतच त्या दिवसाबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "डॉक्टर आठवडा बोलले होते. मी तेवढाच टाकनार होतो, पन हात होईना. ती दोन महिने राहिली. नाताळ बघून गेली." मग म्हणाले, "तारीख टाकली असती ना, तर आठवड्यानंतर रोज मनात आलं असतं… आता उशीर होतोय."

बारा वर्षं मी फॉर्म बनवतोय. समोरचा माणूस कुठे अडला हे आम्हाला स्क्रीनवर आकड्यांत दिसतं. का अडला, ते दिसत नाही…

हे त्यांना विचारूनच लिहितोय. पास्कलभाऊ, त्या दिवशी कुठलीतरी तारीख टाकून तुम्ही मोकळे झाला असतात, तर मला कधीच काही कळलं नसतं. तुम्ही ती टाकली नाहीत, आणि एवढ्या लांब येऊन मलाच विचारलंत. मनापासून आभार.