कंपाउंडरच्या हातची चूक

एफ्राइम आपटेकर पनवेलच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं कंपाउंडर होता आणि ती छत्तीसही वर्षं तो घाबरलेला होता. औषधाच्या बाटलीवर डोसांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवण्याआधी तो रोग्याचं नाव तीनदा वाचायचा. घरी निघाला की कोपऱ्यावरून माघारी फिरायचा आणि चौथ्यांदा वाचायचा. लोक हसायचे. पण त्याच्या हातून कधी कुणी दगावलं नाही. “माझ्या हातून चूक झाली नाही,” हे तो म्हणायचा तेसुद्धा हळूच, कुणी ऐकलं तर खोटं पाडील अशा भीतीने.

निवृत्त झाल्यावर ही धडधड थांबेल असं त्याला वाटलं होतं. तेवढ्यात बासष्ट साली इस्राएलातून पुडकं आलं. चार वर्षांपूर्वी बोटीने गेलेल्या शालोमचं, त्याच्या एकुलत्या मुलाचं. आत पत्र्याचा चपटा डबा आणि डब्यात करंगळीहून अरुंद फितीचं रीळ. “तीन मिनिटांचा सिनेमा आहे,” चिठ्ठीत लिहिलं होतं. “मी, बायको आणि बाळ. आईला दाखवा. जपा, दुसरी प्रत नाही.”

आईचे, म्हणजे शुलामिथचे, डोळे काचबिंदूने चालले होते. नजर कडेकडेने मिटत येईल, किती महिन्यांत ते सांगता येत नाही, असं मुंबईचा डॉक्टर म्हणाला होता. त्याआधी तिने पोराला एकदा पाहावं आणि न पाहिलेल्या नातवालाही, एवढीच गोष्ट आता त्या घरात उरली होती.

एफ्राइम एसटीने मुंबईला गेला. जुन्या मशिनींच्या दुकानदाराने दोन प्रोजेक्टर पुढे ठेवले.

“हा मोठ्या दिव्याचा. भिंतभर चित्र, लख्ख. पण फीत अडकली तर तीन मोजायच्या आत दिवा बंद करायचा. नाहीतर चित्राला भोक पडलंच समजा.”

“आणि हा?”

“ह्याला दहा मोजेपर्यंत सवड आहे. पण उजेड बेताचा. बघणाऱ्याची नजर कशी आहे?”

एफ्राइमने लहान दिव्याचा घेतला. पनवेल येईपर्यंत ते धूड मांडीवर धरून तो स्वतःलाच विचारत होता, की आपण हे शुलामिथच्या डोळ्यांसाठी घेतलं की आपल्या भीतीसाठी.

जोडणी करायला शेजारचा तुळशीराम वायरमन आला. दुकानदाराने सरावाला एक टाकाऊ तुकडा दिला होता, त्यात तळ्यातली बदकं होती. मशीन खरखरलं, बदकं चार हात पोहली आणि अडकली. एफ्राइम मोजू लागला. नऊ, दहा, अकरा. एका बदकाच्या पोटात तपकिरी डाग उठला, त्याला फोड आला, आणि शिंग जाळल्यासारखा वास सुटला. त्याचा हात बटणाकडे गेलाच नाही. दिवा तुळशीरामने बंद केला.

“कंपाउंडर, तुमी मोजीतच बसलात. बटनावर हात कोन ठेवील, मी?”

एफ्राइमला त्या रात्री बदकाच्या जागी शालोमचं तोंड दिसलं.

मग अकरा दिवस तो सरावच करत राहिला. डोळे मिटून बटण चाचपायचा, मशीनचे दाते पुसायचा, तेलाचा थेंब टाकायचा. रीळ डब्यातून बाहेर काढायची त्याची छाती होईना. बाराव्या दिवशी शुलामिथने चहा ओतला तो कपाच्या बाहेर, अर्धा बशीत, अर्धा त्याच्या धोतरावर.

“तुमचं मोजणं संपायच्या आत माझा उजेड संपेल,” ती म्हणाली.

रविवारी दुपारी तुळशीरामच्या मदतीने त्याने खिडक्यांना गोणपाटं लावली, आणि माजघरात मोकळी अशी एकच भिंत होती, तिच्यावर पांढरी चादर टांगली. शुलामिथने हाताने भिंत चाचपली.

“ह्याच्याखाली आरसा आहे.”

“भिंतीतल्या कपाटाच्या दाराला जडवलेला आहे, शुला. निघत नाही. तीन मिनिटांचा तर प्रश्न.”

“तुमची आई गेली तेव्हा सुतकाचे सात दिवस झाकला होता आपण. पुन्हा नाही झाकायचा. माझं पोर जितं आहे.”

ती ओरडली नाही. पण तो विचार आधी एफ्राइमच्या मनात आलाच नव्हता आणि आता जात नव्हता. त्याने चादर ओढून काढली.

“मोरीजवळची भीत हाय की,” तुळशीराम म्हणाला. “चुना मारतो. पण जागा नाय तितं. शिनेमा ताटाएवढाच दिसंल.”

चुना मंगळवारी वाळला. स्वयंपाकघरात मशीन त्या भिंतीपासून कसंबसं चार हातांवर बसलं. बटण दाबलं आणि एफ्राइम चमकला. माजघराच्या भिंतीवर विरून गेला असता तो सगळा उजेड इथे ताटाएवढ्या जागेत गोळा झाला होता. शुलामिथ पाट ओढून भिंतीला नाक लागेल इतकी जवळ बसली.

शालोम आला. उन्हात डोळे बारीक करून हसत होता.

“वाळलाय,” ती म्हणाली. “आणि भांग बापासारखा, वाकडा.”

मशीन अडखळलं. शालोमचा हात वर उचललेला राहिला. एफ्राइमने मोजलं नाही. त्याने दिवा बंद केला आणि अंधारात नाकाने हुंगत उभा राहिला. वास नव्हता. फीत दात्यांत बसवून त्याने पुन्हा दिवा लावला. शालोमचा हात खाली आला.

“डावीकडे जळलं का हो?” शुलामिथने विचारलं. “अर्धं काळं दिसतंय.”

एफ्राइमने भिंतीकडे पाहिलं. चित्र पुरं होतं. डाव्या बाजूला सून उभी होती, तिच्या कडेवर बाळ, आणि ते बाळ सरळ शुलामिथकडे बघत होतं.

मशीनजवळ उभा असलेला तुळशीराम काही बोलणार होता. एफ्राइमने त्याचं मनगट घट्ट धरलं.

“हो,” तो म्हणाला. “जळलं थोडं. माझ्या हातून चूक झाली.”

“इतकी वर्षं झाली नाही ती बरी आजच झाली,” ती म्हणाली. “मग तिथे कोण होतं ते तरी सांगा.”

एफ्राइम तिच्या मागे खाली बसला, एक हात बटणावर ठेवून, आणि बाळाच्या टोपीपासून सांगू लागला.