हातोड्याशेजारी उगवलेलं पीस

माझ्या मावशीला कुणी "जरा हळू" म्हटलं की तिचा हातोडा हमखास जोरात पडतो. ती पत्र्याचं काम करते: नरसाळी, पेट्या, भट्ट्यांची धुराडी. काका गेले तेव्हा दिरांनी वर्कशॉप विकून टाकायचा सल्ला दिला. बाईमाणसाला झेपायचं नाही, म्हणाले. त्यांचं बोलणं संपेपर्यंत मावशीने एक नरसाळं वाकवून पुरं केलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. "घेऊन जा. घरी उपयोगी पडेल."

तिच्याकडे एक काकाकुवा आहे. पांढराशुभ्र, तुरेवाला, आणि सगळ्यांवर ओरडतो म्हणून त्याचं नाव साहेब. आधी तो तिच्या थोरल्या जावेचा होता. जाऊ गेल्यावर घरच्यांनी त्याला मागच्या खोलीत टाकला आणि आवाज नको म्हणून पिंजऱ्यावर चादर घातली. मावशीने तिथून उचलून आणला तेव्हा त्याने चोचीने पिसं उपटून स्वतःची छाती उघडी करून ठेवली होती. तिने पिंजरा कामाच्या टेबलाशेजारी टांगला, दार उघडंच. पुढे साहेब हातोड्याची नक्कल करायला लागले. मावशीने एक ठोका घातला की यांचं "ठण्!" आलंच.

मग प्राणिमित्र संस्थेच्या बाई आल्या. उघडी छाती पाहिली, हातोडा ऐकला आणि उभ्या उभ्या निकाल लावला: या गोंगाटाने पक्षी पिसाळलाय, त्याला आमच्या शांत निवाऱ्यात नेणार. पिंजऱ्याखाली पडलेलं शेपटीचं पीस त्यांनी तपासायला पाठवलं, आणि ते आलं नेमकं आमच्या प्रयोगशाळेत. मी तिथे हेच करते. पीस बारीक कातरायचं, मिथेनॉलमध्ये भिजवायचं, द्रव उडवून टाकायचा आणि उरलेल्यात कॉर्टिकोस्टेरॉन मोजायचं. पक्षी ताणात असला की हे त्याच्या रक्तात वाढतं.

नातं मी लपवलं नाही. प्रयोगशाळेच्या सरांनी नळ्यांवर नुसते क्रमांक घातले, कुठली कुणाची ते मला कळू दिलं नाही. साहेबांचा आकडा भरमसाट आला.

"बघा!" बाई म्हणाल्या.

"बघतेय," मी म्हटलं. "पण पीस उगवत असतं तेवढ्यापुरतंच त्यात रक्त जातं. नंतर ते नखासारखं मेलेलं. साहेबांना इथे येऊन थोडेच महिने झालेत; गळलेलं हे जुनं पीस त्याआधी, त्या चादरीखाली उगवलंय. इथला ताण मोजायचा तर इथे उगवलेलं पीस हवं."

सरांनी मान डोलावली, बाईंचा नाइलाज झाला. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी शेपटीची दोन पिसं काढली: नवी आली की एक कातरायला, एक जपून ठेवायला. आकडा पुन्हा वाढला तर साहेब निवाऱ्यात जाणार, असं ठरलं.

मी मावशीला बाजूला घेतलं. "नवी पिसं येईपर्यंत दमानं घे ना. ठोकाठोकीचं काम बाहेर दे."

"म्हणजे परीक्षेपुरती गरीब गाय होऊ?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. "रोज होतं तेच होणार. त्याला इथे राहायचंय ना? मग माझ्या हातोड्यासकटच मोजा."

आणि ती ठोकत राहिली. बाईंना ते सहन होईना. त्यांनी कुठेतरी वजन वापरलं आणि वर्कशॉप आठवडाभर बंद ठेवायचा हुकूम आणला, पक्ष्याच्या भल्यासाठी! मावशी बंद दाराशी खुर्ची टाकून धुसफुसत बसायची. आत साहेबांच्या तोंडाला कुलूप. दाणे तसेच पडून. आठवडा संपला, पहिला ठोका पडला, आणि बऱ्याच वेळाने कोपऱ्यातून एक बारीकसं "ठण्" आलं. मावशीने तोंड फिरवून डोळे पुसले. मी पाहिलं ते तिला आवडलं नाही.

पिसं पुरी वाढली. मी एकाचे आडवे तुकडे केले आणि प्रत्येक वेगळा मोजला. आधी उगवलेले टोकाकडचे तुकडे कमी, शेवटी उगवलेले बुडाकडचे कमी. मधल्या एकाच तुकड्याचा आकडा उसळलेला. जपून ठेवलेलं पीस उजेडात धरलं तर त्याच जागी एक फिकट आडवी रेघ होती. पक्षी खचला की उगवत्या पिसावर अशी रेघ उमटते. पीस रोज किती वाढलं ते डॉक्टर मोजतच होते. रेघ बंदच्या आठवड्याची होती. सगळ्या पक्ष्यांना हातोडा मानवतो असं मी म्हणणार नाही. या एकाला मानवतो.

बाई वर्कशॉपमध्ये आल्या तेव्हा साहेबांच्या छातीवर लव धरू लागली होती. मी आकडे वाचून दाखवले.

"पण एका पिसावरून कसं ठरवायचं?" बाई म्हणाल्या.

"न्यायला आलात ते एका पिसावरूनच ना?" मावशी म्हणाली. तिने पीस उजेडात धरलं आणि काळंकुट्ट नख त्या रेघेवर ठेवलं. "ही तुमची शांतता. न्यायची तर ही घेऊन जा. साहेब इथेच राहतील."

तिने पीस बाईंच्या हातात दिलं आणि हातोडा उचलला.