हरण्याचं आमेन

शपथ घेऊन सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे!

आता, आमच्या शास्त्रात शपथ घ्यायला मनाई आहे. म्हणून ती शपथ मागं घेतो. तेव्हा शब्दन् शब्द खराच आहे, असंही धरून चालू नका.

येरमाळ्याहून कळंबला जाताना वाटेत आमचं गाव. निजामाचं राज्य होतं, तेव्हाची गोष्ट. रविवारची उपासना संपली, की आमची ख्रिस्ती मंडळी लगेच घरी जायची नाही. गाड्या जुंपेपर्यंत चर्चपुढच्या लिंबाखाली बसायची. तिथं किस्से साठायचे, खळ्यावर भुसा साठतो तसे. पाळकसाहेबांचा उपदेश वेशीपर्यंत टिकायचा नाही, पण लिंबाखालचे किस्से नातवंडांपर्यंत पोचलेत.

*

पाळकसाहेब सोलापूरकडचे. माणूस देवासारखा, पण प्रार्थना लई लांब! आधी हुजूरसरकारसाठी, मग सुभेदारसाहेबांसाठी, मग तहसीलदारसाहेबांसाठी, मग फौजदारासाठी. सगळी उतरंड लावल्याशिवाय आमच्या पिकापाण्यावर यायचे नाहीत.

एकदा असेच फौजदारावरून थेट पावसावर आले. पुढच्या चटईवर आमची राहेलमावशी बसली होती. डोळे मिटलेले, हात जोडलेले. तशीच म्हणाली, "साहेब, पाटील ऱ्हायले!"

पाळकसाहेब थांबले. मागं गेले. पाटलांना घेतलं, आणि मगच पाऊस मागितला!

*

तर अशी ही राहेलमावशी. कुणालाही काही सांगायला न भिणारी. आणि तिचे यजमान, भिवाकाका, तोंडातून शब्द न काढणारे. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा नुसतं तिच्याकडं बोट दाखवलं म्हणतात!

मावशीचा आणि पोरांचा बाप्तिस्मा झाला होता. काकांचा अडला होता. विश्वास नव्हता म्हणून नव्हे. आमच्या मंडळीचा रिवाजच तसा होता. बाप्तिस्मा घ्यायचा, तर सगळ्यांपुढं उभं राहून, आपल्या शब्दांत, मोठ्यानं एक प्रार्थना करायची.

भिवाकाका एकदा उभे राहिले. सगळी मंडळी श्वास धरून बसली.

"हे प्रभू..." काका म्हणाले. मग समोर बघितलं. इतकी माणसं! बायका, म्हातारे, सगळे त्यांच्याकडंच बघतायत. आणि काकांच्या तोंडातून आलं ते बैलांना म्हणायचं नेहमीचंच, "हुर्र... थांब, थांब!"

मंडळी थांबलीच होती. काका मात्र थांबले नाहीत. तडक दाराबाहेर, आपल्या गाडीपाशी!

*

त्यानंतर ते आत आले, तरी दाराजवळ बसायचे. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट फिरायचं. मावशी आपला तुकडा घ्यायची आणि मान वळवून मागं बघायची. ताट काकांपाशी यायचं, आणि न थांबता पुढं सरकायचं. बाप्तिस्मा नाही, तर भाकर नाही.

त्या दिवशी गाडीत मावशी घरापर्यंत एक अक्षर बोलायची नाही. राहेलमावशी गप्प म्हणजे काय, हे आमच्या गावाला विचारा! आड आटला असता तर लोक एवढे घाबरले नसते.

"यंदाच्या नाताळला आमी दोघं एका ताटातली भाकर घेणार," तिनं लिंबाखाली सगळ्यांना सांगून टाकलं.

"आन् काका बोलले न्हायत तर?" मी विचारलं.

"बोलंल. गड्याला बोलता येतंय रं. फकस्त माणसांत न्हाय."

*

ते असं होतं. काकांकडं तीन बैल. संध्याकाळी वैरण टाकायच्या आधी काका कडब्याची पेंढी बगलेत धरून गोठ्यात उभे राहायचे आणि चांगली मोठ्यानं प्रार्थना करायचे. शेजारच्या म्हातारीचा खोकला, पोरांचा अभ्यास, मावशीचा गुडघा, सगळं देवापुढं मांडायचे. "आमेन" म्हणायचे आणि मग वैरण टाकायचे. वर्षानुवर्षं हाच शिरस्ता. त्यानं झालं काय, की बैलांनाही सवय लागली. त्यांतला हरण्या तर इतका पक्का, की काका समोर असले आणि आमेन झालं नसलं, तर वैरणीला तोंड लावायचा नाही!

मावशीनं ही खबर पाळकसाहेबांना दिली. साहेबांना नवल वाटलं. ऐकायचंच म्हणून एका संध्याकाळी ते गोठ्यात कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसले. काकांना नेमके त्यांचे बूट दिसले. झालं! काका गप्प. पेंढी बगलेतच.

शेवटी पाळकसाहेब बाहेर आले. स्वतः पेंढी टाकली, हात जोडले, आणि आपल्या भारदस्त आवाजात म्हणाले, "आमेन!"

हरण्यानं साहेबांकडं बघितलं. पेंढी हुंगली. आणि मान फिरवून उभा राहिला!

"साहेब," मावशी म्हणाली, "त्याला वाटलं आसंल, तुमची अजून संपायची हाय."

*

खरीप घरात आला, की आमच्या चर्चात हंगामाचा सण व्हायचा. ज्याच्या शेतात जे पिकलं, ते देवाला आणायचं. मग आवारातच त्याचा लिलाव. कुणी बाजरी आणायचं, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. त्या वर्षी मावशीनं काय आणावं? हरण्या!

दावं धरून काका मागनं आले. तोंड एवढंसं झालेलं.

"काका, तुमची मर्जी हाय का?" मी विचारलं. काकांनी मान हलवली. पण ती व्हय म्हणून की न्हाय म्हणून, ते हरण्यालाच कळलं असेल.

लिलावात हरण्या कळंबच्या कासिमभाईंनी घेतला. कासिमभाई धान्याचे व्यापारी, आमच्या घरोब्यातले. त्यांच्या बेगम आमीनाबी आणि राहेलमावशी दर उन्हाळ्यात मिळून गोधड्या शिवायच्या. हरण्या गेला आणि त्या संध्याकाळी काकांच्या गोठ्यातून आवाज आला नाही. दोन बैलांना मुकाट्यानं वैरण पडली.

*

आता शेवटचा किस्सा. नाताळच्या आधीचा रविवार. उपासनेचा शेवटचा आशीर्वाद झाला, लोक उठतायत, तोवर दारात कासिमभाई हजर!

"भिवाभाऊ, हा बैल दिला का मौलवी दिला? चार दिस झाले, तुमच्या दुआबिगर वैरणीला शिवत न्हाय! रोजे धरल्यासारखा उभा हाय बिचारा. या, न्हायतर मरंल!"

भिवाकाका उठले. कुणाची वाट न बघता गाडी जुंपली. मागनं पाळकसाहेब निघाले, मावशी निघाली, आणि मग काय, सगळी मंडळीच कळंबच्या वाटेला लागली! कासिमभाईंच्या आवारात ही गर्दी. आमचे लोक, त्यांच्या गल्लीतले लोक, दुकानं सोडून आलेले वाणी.

हरण्या मधोमध उभा. पुढ्यात कडबा. काकांना बघून त्यानं कान टवकारले आणि कडब्याला तोंड न लावता उभा राहिला. काकांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. सभोवार बघितलं. मला वाटलं, आता हुर्र म्हणतात!

"देवा," काका म्हणाले. मोठ्यानं. "ह्यो हरण्या. ह्याचं घर बदललंय, ह्याला समजून घे. कासिमभाई भला माणूस हाय, त्यांच्या घरात बरकत ऱ्हाऊ दे. राहेल गाडीत बोलत न्हाय, ते मला सोसत न्हाय. ताट माझ्यापुढनं जातंय. मला माणसांत बोलाया येत न्हाय, देवा. पर तुला ऐकाया येतंय. आमेन."

"आमेन," मंडळी म्हणाली.

"आमीन," कासिमभाई म्हणाले.

हरण्यानं मान खाली घातली आणि कडबा ओढला!

पाळकसाहेबांनी डोळे पुसले. "भिवा," ते म्हणाले, "याच्यापुढं मी आता कुठल्या तोंडानं रिवाज सांगू?"

नाताळला बाप्तिस्मा झाला. भाकरीचं ताट काकांपुढं थांबलं. आणि परतीच्या गाडीत मावशी जी बोलत सुटली, ती घरापर्यंत थांबली नाही. काका अधनंमधनं म्हणत होते, "हुर्र... थांब, थांब!"

आता यातलं बनावट काय, तेही सांगून टाकतो. हरण्या उपाशी होता, हे बनावट. त्या दिवशी त्याचं पोट नगाऱ्यासारखं गच्च होतं, मी स्वतः हात लावून बघितलं. शेजारी आमीनाबी पदराआड हसत होत्या, आणि राहेलमावशी डोळे मिटून, हात जोडून उभी होती.

पण हे बनावट माझं नव्हे. शपथ!